गवती चहा, पण चहापूड न घालता

एका ताईंनी विचारलंय, गवती चहात कॅफीन नसतं म्हणतात, मग रात्री तो प्यायल्यावर झोप का उडते? ताई, तुम्ही त्यात चमचाभर चहापूड घालताय ना, कॅफीन तिथून येतं. गवती चहा म्हणजे नुसतं गवत, नावापुरता चहा. (ग्रीन टीवाल्यांनीही हुरळून जाऊ नये. तो खऱ्या चहाच्याच झाडाचा, कॅफीनसकट.)

माझी पद्धत: दोन कपांना चार-पाच लांब पाती, गाठ मारून. कड बोट कापते, जपून. बुडख्याचा पांढरट भाग मिळाला तर खलबत्त्यात ठेचायचा, खरा वास तिथे. पाणी उकळलं की पाती टाकून गॅस बंद आणि वर झाकण, सात-आठ मिनिटं. झाकणाचा आळस नको! लिंबासारखा वास पातीतल्या सिट्राल नावाच्या सुगंधी घटकाचा, तो वाफेबरोबर उडतो. स्वयंपाकघर घमघमतं आणि कपात नुसतं गरम पाणी उरतं. गूळ कपात घ्यायचा. दूध मला तरी नको वाटतं.

ठाण्यात जांभळी नाक्यावर भाजीवाल्यांकडे जुडी मिळते. मुळासकट मिळाली तर कुंडीत खोचा. घोडबंदरला आमच्या बाल्कनीत असंच एक बुडखं लावलं होतं, आता शेजारी कात्री घेऊनच बेल वाजवतात.

दक्षिण आफ्रिकेचा रूइबॉसही (तिथल्या एका झुडपाच्या पानांचा ‘चहा’) आणून पाहिला. त्यातही कॅफीन नाही, टॅनिन कमी, त्यामुळे अर्धा तास विसरला तरी कडू होत नाही. पण पावसात कांदाभजीबरोबर? छे.