पश्चिमेच्या भिंतीला डार्क ग्रे, तेही नागपुरात?

बेसारोडवाला:
घर बेसा साइडला, खाली-वर दोन मजले, तोंड पश्चिमेकडे. पावसाळा गेला की बाहेरून कलर करायचा आहे न घरात दोन पार्ट्या पडल्या. पोराला चारकोल ग्रे पाहिजे, त्यावर पांढऱ्या पट्ट्या, कारण लेआउटमधल्या प्रत्येक नव्या घराला तोच आहे. माझं म्हणणं, नागपुरात पश्चिमेच्या भिंतीला डार्क ग्रे म्हणजे पैसे देऊन ताप विकत घेणं. २३ मे २०१३ ला पारा ४७.९ वर गेला होता, तो दिवस ज्यानं इथं काढला त्याला वेगळं काय सांगायचं. मे महिन्यात दुपारी तीनपासून सूर्य बुडेपर्यंत ऊन सरळ भिंतीवर, नऊ इंची वीट ते पिऊन घेते न रात्री बेडरूममध्ये सोडते, मग कुलर लावा नाही त काही लावा. दुकानातल्या शेडच्या पुस्तकात बहुतेक रंगांचा एलआरव्ही म्हणून आकडा मिळतो, शंभरापैकी किती उजेड परत जातो त्याचा. चारकोल दहाच्या आसपास, क्रीम सत्तरच्या वर. आता यात वाद कशाचा ते सांगा.

कडुलिंबाखाली:
वाद आहे न भाऊ. घर तापते ते पहिले स्लॅबनं, भिंतीनं नंतर. २६ मेच्या आसपास नागपुरात सूर्य बरोब्बर डोक्यावर येते, शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो, म्हणजे ऐन उन्हाळ्यात दिवसभर मार कोण खाते, त गच्ची. तिच्यावर चुना मारा नाही त पांढरं रिफ्लेक्टिव्ह कोटिंग करा, फरक तिथं पडते. दुसरं, एलआरव्ही हा डोळ्याला दिसणाऱ्या उजेडाचा आकडा आहे, उन्हातली जवळपास अर्धी उष्णता तर न दिसणाऱ्या किरणांत असते, तिचा त्यात हिशोबच नाही. आणि ते क्रीम! एका पावसाळ्यात खिडकीच्या दोन्ही कोपऱ्यांतून काळ्या मिशा उतरतात. दर तीन वर्षांनी पेंटर बोलवायची हौस असन त लावा क्रीम.

तर्रीपोहा:
कडुलिंब भाऊ बरोबर. काका, घर पोरालाच पुढं सांभाळायचं आहे, करू द्या न. क्रीम पाहून पाहून कंटाळा आला राजेहो, अख्खा मानेवाडा एका डब्यातून रंगवल्यासारखा वाटते.

दुकान_सांभाळतो:
माझं पेंटचंच काम आहे म्हणून जरा लांबड लावतो. काळ्या मिशा क्रीममुळं येत नाहीत, छज्ज्यामुळं येतात. छज्ज्याच्या न सिलच्या खालच्या कडेला बोटाएवढी खाच पाहिजे, ती नसली की पाणी टपकायच्या ऐवजी वळून भिंतीवर उतरते न वरची सगळी धूळ घेऊन येते, ग्रे मारा की गुलाबी. गवंडी ही खाच विसरतो न शिव्या पेंटला पडतात. आता डार्कचं ऐका. डार्क शेडमध्ये टिंट जास्त जाते, त्यातही लाल, जांभळा, चटकदार पिवळा हे ऑरगॅनिक पिगमेंटवाले इथल्या उन्हात लवकर उडतात. गेरू, पिवळी माती, ऑक्साइडवाले रंग टिकतात. चारकोल तसा लाल-जांभळ्यासारखा उडत नाही हे मान्य, पण वरचा थर उन्हानं भुकटीसारखा झाला की चारकोलवर पांढरट झाक लगेच डोळ्यात भरते, हात फिरवला की बोटाला पावडर लागते. तीच पावडर क्रीमवर पण असते, दिसत नाही एवढंच. आणि मधेच प्लंबरनं पाइपासाठी भिंत फोडली की टच-अपचा चौकोन लांबून दिसते.
रंगाच्या आधी खार पाहा. प्लास्टरवर पांढरी फुलं आली असतील त आधी पाणी कुठून येते ते शोधा, नाही त कोणताही पेंट पोपडे धरते. ऑक्टोबरात पाऊस थांबल्या थांबल्या घाई करू नका, भिंत वाळू द्या. दिवाळीच्या तोंडावर पेंटर सापडत नाही न सापडला त प्रायमरचा हात गाळते. डिसेंबर-जानेवारी बेस्ट. मे महिन्यात तर तापलेल्या भिंतीवर पेंट ब्रशखालीच वाळते, पकड घेत नाही.

कडुलिंबाखाली:
म्हणजे डार्क टिकते पण जुना दिसते, असंच न? मग दर पाच-सहा वर्षांनी एक हात मारावाच लागते, क्रीमला काय लागत नाही का?

महालची_वहिनी:
धूळ ग्रेवर दिसत नाही म्हणणाऱ्यांनी एकदा काळी गाडी घेऊन पाहावी. आपली धूळ फिक्कट मातकट आहे, ती चारकोलवर जशीच्या तशी बसते. आणि नव्या लेआउटमध्ये कच्चा रस्ता, काळी माती, पहिल्या पावसात कंपाउंडपासून दोन फुटापर्यंत चिखलाचे शिंतोडे उडणार ते वेगळेच. खरं सांगू का, क्रीम न चारकोल दोन्ही टोकं आहेत. सिव्हिल लाइन्समध्ये हायकोर्टाची इमारत पाहा, १९४० पासून उभी आहे, त्या दगडाचा पिवळसर बदामी रंग धुळीतलाच आहे त धूळ दिसणार कुठून. एलआरव्ही पन्नासच्या आसपासचा बदामी घ्या, खालचे दोन फूट गेरूसारखे करा. फक्त कार्डावर पाहून ठरवू नका, भर उन्हात रंग एक-दोन शेड फिका दिसते. भिंतीवर हातभर पट्टा मारून सकाळी आठला न दुपारी चारला पाहा.

तर्रीपोहा:
वहिनी, हायकोर्टासारखं घर केलं त तारखाच पडत राहतील 😄

बेसारोडवाला:
गच्चीचा मुद्दा घेतला, चुना तर मारणारच आहे. पण स्लॅब फक्त वरच्या मजल्याला लागते, आम्ही खाली झोपतो न आमच्या बेडरूमची भिंत पश्चिमेचीच आहे, ते काऊन विसरता? खाली चुन्याचा काही उपयोग नाही. बदामीचा पट्टा मारून पाहतो. पोराला म्हटलं चारकोल पाहिजे त उत्तरेच्या भिंतीला लाव, तिथं ऊन नावालाच असते. तो म्हणते तिकडं शेजाऱ्याची भिंत तीन फुटावर आहे, पाहणार कोण.

दुकान_सांभाळतो:
उत्तरेला लावा पण शेवाळरोधक पाहून लावा. पावसाळ्यात हिरवं पहिले तिकडंच धरते.

कडुलिंबाखाली:
खाली झोपता त पश्चिमेच्या खिडकीवर छज्जा वाढवा, नाही त एक झाड लावा, मग चारकोल लावला तरी काही होत नाही. मी अजून पोराच्याच पार्टीत आहे.