परदेशी जोडीदार आणि राहण्याचा देश : 'नवऱ्याच्या देशात जा' या सल्ल्याला उत्तर

मुळामुठा :
गेल्या आठवड्यात इथल्याच दुसऱ्या एका धाग्यात 'सडेतोड' यांनी एका मुलीला सल्ला दिला की, परदेशी माणसाशी लग्न करायचेच असेल तर मुकाट्याने त्याच्या देशात जावे, कारण गोरा जावई भारतात आणून बसवणे ही हौस असून ती दोन पावसाळ्यांत फिटते. मुलाने परदेशी सून आणली तर मात्र ती 'जुळवून घेणारी असल्यास' इथे राहायला हरकत नाही, अशी उदारताही त्यांनी पुढच्याच वाक्यात दाखवली. म्हणजे दोन्हीकडे बाईनेच आपले गाव सोडायचे, एवढाच या सल्ल्याचा गाभा आहे. तिथेच उत्तर लिहायला घेतले होते, पण ते लांबले, म्हणून हा स्वतंत्र धागा.

माझे मत असे आहे की, अशा लग्नात दोघांपैकी एकाचे कागद दुसऱ्याच्या आधारावर उभे असतातच. तो आधार उद्या निसटला तर कोणत्या देशात तो माणूस कमीत कमी उघड्यावर पडेल, हे पाहून देश निवडावा. हवा, जेवण, शिस्त आणि रस्त्यांवरचे खड्डे हे विषय त्यानंतरचे आहेत.

भारताचे पाहा. भारतीय नागरिकाच्या परदेशी जोडीदाराला एक्स व्हिसा मिळतो, पण त्यावर नोकरी करता येत नाही. ओसीआय कार्डासाठी, म्हणजे परदेशी नागरिकाला भारतात दीर्घकाळ राहू देणाऱ्या कार्डासाठी, अर्ज करायचा तर लग्न नोंदलेले आणि सलग दोन वर्षे टिकलेले असावे लागते. कार्ड आले की नोकरीची अडचण बहुतांशी संपते; परंतु घटस्फोट झाला तर जोडीदार म्हणून मिळालेले ते कार्ड रद्द होऊ शकते. नागरिकत्वाचा अर्ज करायला सात वर्षांचे वास्तव्य हवे, आणि मग मूळ पासपोर्ट सोडावा लागतो. जर्मनीत याउलट, जर्मन नागरिकाच्या जोडीदाराला निवास परवान्याबरोबरच नोकरीची मुभा मिळते, आणि संसार तिथे तीन वर्षे झालेला असेल तर पुढे लग्न मोडले तरी स्वतंत्रपणे राहण्याचा हक्क मागता येतो. त्यासाठी साधारणपणे आधी 'ए वन'पुरते, म्हणजे अगदी प्राथमिक पातळीचे, जर्मन यावे लागते, पण पुण्याच्या मुलींना मॅक्स म्युलर भवनाचा रस्ता कोणी दाखवायला नको.

इतके असूनही आम्ही पुण्यात राहतो, कारण माझा जर्मन नवरा चाकणच्या कारखान्यात स्वतःच्या नोकरीवर आणि त्या नोकरीच्या व्हिसावर आला होता. त्याचे इथले राहणे माझ्यावर अवलंबून नव्हते. तो केवळ माझा नवरा म्हणून येणार असता तर मीच आधी स्टुटगार्टला गेले असते. यात हौस कुठे आली, हे 'सडेतोड' यांनी सांगावे.

सडेतोड :
माझ्या दोन वाक्यांवर एवढा मोठा धागा निघाला याचा आनंद आहे. 'जुळवून घेणारी' हा शब्द आपल्याला झोंबला असेल, पण तो मी अनुभवाने लिहिला होता. माझी पत्नी इंग्रज असून व्यवसायाने परिचारिका आहे. लग्नानंतर मी तिला हट्टाने ठाण्याला आणले. तिच्या शिक्षणाची इथली नोंदणी होईपर्यंत तिला काम करता येईना, आणि आधी व्हिसाच नोकरीचा नव्हता. दिवसभर घरात बसून ती माझ्या आईच्या मालिका पाहत असे. आई बिचारी तिला प्रत्येक मालिकेचे कथानक हातवाऱ्यांनी समजावून सांगायची. हे चित्र ऐकायला गोड वाटते, पण दहा वर्षे वॉर्ड सांभाळलेल्या बाईला ते गोड वाटत नव्हते. आम्ही परत गेलो.

आणि परत जाणे आपण समजता तितके सोपे नाही. ब्रिटनमध्ये परदेशी जोडीदाराला आणायचे तर उत्पन्नाची अट ११ एप्रिल २०२४ पासून १८,६०० पौंडांवरून २९,००० पौंडांवर गेली आहे. ज्या इंग्रज मुलीने भारतात बिनपगारी वर्षे काढली, तिने हे उत्पन्न कुठून दाखवायचे? केवळ बचतीवर भागवायचे म्हटले तर ८८,५०० पौंड शिल्लक लागतात. म्हणून आधी तिकडे स्थिर व्हावे आणि मग वाटल्यास इकडे यावे, हा क्रम मी सांगितला. तो मुलींनाच का सांगितला, असे विचाराल, तर प्रश्न विचारणारी मुलगी होती म्हणून!

मुळामुठा :
म्हणजे आपल्या पत्नी जुळवून घेत नव्हत्या म्हणून नव्हे, तर त्यांना कामच करता येत नव्हते म्हणून आपण परतलात. हेच मी लिहिले आहे, फक्त आपण ते सुनेच्या स्वभावावर ढकलले होते. क्रमाचा मुद्दा ब्रिटनपुरता मान्य करते. तिथला कायमस्वरूपी परवानादेखील सलग दोन वर्षे देशाबाहेर राहिल्यास संपतो, तेव्हा 'मग वाटल्यास इकडे' हे जातानाच्या तिकिटाइतके सहज नाही, हेही त्या मुलीला सांगायला हवे होते.

सदाफुली :
माझा मुलगा ओसाकात असतो आणि सून जपानी आहे. तुम्ही सगळे कागदांविषयी लिहीत आहात. मला एवढेच विचारायचे आहे की, या हिशेबात आईवडील कुठल्या रकान्यात बसतात? मुलाने इथेच राहावे असे मी कधीही म्हटलेले नाही. पण सून एकुलती एक आहे आणि तिचे वडील ऐंशीच्या घरात आहेत, तेव्हा ते दोघे तिकडे राहिले यात मला अन्याय दिसत नाही. नातेवाईक मात्र मला 'मुलगा गेला हो तुमचा' असे म्हणतात. हेच सुनेच्या बाबतीत झाले असते, तर 'किती छान रमली इकडे' असे कौतुक झाले असते.

मुळामुठा :
मावशी, हा रकाना माझ्याकडून राहिला हे खरे आहे. पण त्यातही कायदा आडवा येतो. तुम्हाला मुलाकडे कायमचे जायचे ठरले तर किती देश दार उघडतात, ते पाहा. ब्रिटनने २०१२ सालापासून प्रौढ अवलंबित नातेवाइकांचे नियम इतके आवळले आहेत की, तो मार्ग जवळपास नावापुरताच उरला आहे. अमेरिकेत नागरिक झालेला मुलगा आईवडिलांना बोलावू शकतो. कॅनडाच्या सुपर व्हिसावर, म्हणजे आईवडील-आजीआजोबांसाठीच्या व्हिसावर, एका खेपेस पाच वर्षांपर्यंत राहता येते. म्हणून ज्यांचे आईवडील एकटे आहेत, त्यांनी देश निवडतानाच हे तपासावे.

अर्धविराम :
कौटुंबिक न्यायालयात वकिली करते म्हणून लिहिते. या धाग्यात अजून मुलांचा उल्लेखच नाही, आणि माझ्याकडे येणारी जोडपी नेमकी तिथेच अडकलेली असतात. मुलांच्या आंतरराष्ट्रीय अपहरणाविषयीच्या १९८० च्या हेग करारात जर्मनी, ब्रिटन आणि अमेरिका आहेत, जपानही २०१४ पासून आहे, भारत नाही. परिणामी एका जोडीदाराने मूल परस्पर भारतात आणले, तर दुसऱ्याला त्या करारान्वये ते परत मागता येत नाही, आणि आपली न्यायालये मुलाचे हित कशात आहे याचा स्वतंत्र विचार करतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली नित्या आनंद राघवन यांच्या प्रकरणात हीच भूमिका घेतली. तुमचे मूल ज्या देशात वाढते, तिथलाच कायदा उद्या तुमच्या भांडणाला लागतो. परक्या देशात संसार मोडला, मुलाला घेऊन माहेरी येण्याची परवानगी तिथले न्यायालय देत नाही आणि मुलाला सोडून यायचे मन होत नाही, अशा अवस्थेतल्या मराठी बायकांशी मी फोनवर बोलत असते. लग्नाच्या गडबडीत हे अभद्र वाटते, पण विचारायची वेळ तीच असते.

कृष्णाकाठ :
पासपोर्ट झाले, पौंड झाले, हेग झाले. सातबाऱ्याविषयी मात्र कोणी बोलत नाही! परदेशी माणसाशी लग्न करून तिकडचे नागरिकत्व घेतले की इथली शेतजमीन ठेवता येत नाही, हे पुण्या-मुंबईच्या फ्लॅटवाल्यांना कसे कळणार? आमच्या घरातली मुलगी कॅनडाची नागरिक झाली आहे. वडील गेल्यावर वारसनोंदीची वेळ आली, तेव्हा गावातच सांगण्यात आले की, परदेशी नागरिकाचे नाव लागणार नाही, हक्कसोडपत्र करून घ्या. ज्यांना इथली माती हवी त्यांनी इथे राहावे. आमच्याच सांगली जिल्ह्यात, कासेगावात, समाजशास्त्रज्ञ गेल ऑम्वेट येऊन राहिल्या. अमेरिकेत जन्मलेल्या बाई, भारत पाटणकरांशी लग्न केले, १९८३ साली भारताच्या नागरिक झाल्या आणि २०२१ साली तिथेच वारल्या. याला देश निवडणे म्हणतात.

अर्धविराम :
गेलबाईंविषयी आपल्याइतकाच आदर आहे, पण त्यांचे नाव पुढे करून आपण जे सांगत आहात ते चूक आहे. ओसीआय कार्डधारकाला शेतजमीन *विकत* घेता येत नाही, हे खरे; वारसाने मात्र ती मिळू शकते. 'विकत घेणे' आणि 'वारसाने मिळणे' यांत गल्लत करून गावोगाव बहिणींकडून हक्कसोडपत्रे लिहून घेतली जातात, आणि दर वेळी कारण तेच सांगितले जाते की, ती आता परदेशी झाली.

कृष्णाकाठ :
आपण वकील आहात म्हणून शब्दांचा कीस काढणारच. तिने लग्न स्पेशल मॅरेज ॲक्टखाली केले आहे, म्हणजे एकत्र कुटुंबातून ती आपोआप विभक्त झाली. हे मला एका वकिलानेच सांगितले आहे.

अर्धविराम :
त्या वकिलाने आपल्याला कायद्याचे अर्धेच पान वाचून दाखवले. १९५४ च्या त्या कायद्याच्या एकोणिसाव्या कलमानुसार, हिंदू व्यक्तीने अहिंदू व्यक्तीशी त्याखाली लग्न केल्यास ती अविभक्त कुटुंबातून विभक्त झाली असे धरले जाते. परंतु विभक्त होणे म्हणजे हिस्सा बुडणे नव्हे, तर हिस्सा वेगळा होणे आहे. पुढचे विसावे कलम वारसाहक्काला संरक्षण देते. शिवाय २००५ च्या दुरुस्तीने मुलगी जन्मतःच सहहिस्सेदार आहे, आणि वडील २००५ मध्ये हयात होते की नव्हते याने फरक पडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली विनीता शर्मा यांच्या खटल्यात स्पष्ट केले आहे. लग्न कुठल्या देशाच्या माणसाशी झाले, हे यातल्या कोणत्याही कलमात विचारलेले नाही.

सडेतोड :
अर्ध्या एकरासाठी चाललेली ही चर्चा वाचून मी पुन्हा एकदा परदेशी राहत असल्याचा आनंद मानतो. ज्या जमिनीतून वर्षाला बांधावरच्या भांडणापलीकडे काही पिकत नाही, तिच्यासाठी कोणी देश निवडतो का?

कृष्णाकाठ :
आपले अर्धे एकर असेल. आमच्याकडे ऊस आहे, विहीर आहे आणि ठिबकाचे कर्ज आहे. बहीण कॅनडात बसून कर्जाचा हप्ता भरणार आहे का? पाटबंधाऱ्याच्या पाण्यासाठी रात्री दोन वाजता कोण उठते, हे आपल्याला लंडनमध्ये दिसत नसेल.

मुळामुठा :
क्षणभर थांबा. पहिल्या प्रतिसादात ती 'आमच्या घरातली मुलगी' होती, आता ती 'बहीण' झाली. दादा, ती आपली चुलत बहीण आहे की सख्खी?

कृष्णाकाठ :
सख्खी आहे. त्याने कष्ट कोणी केले हा प्रश्न बदलत नाही.

सदाफुली :
बदलत नाही, हे बरोबर आहे. कष्टांचा मोबदला जरूर मागावा, त्यात गैर काही नाही. पण तो 'तू परदेशी माणसाशी लग्न केलेस' या नावाखाली मागू नये. आमच्या आळीतल्या एका घरात असेच झाले, आणि त्या मुलीने नंतर आईच्या आजारपणातही येणे टाळले. देश कोणता निवडावा हे तुम्ही विचारत आहात. पण परत येण्यासारखे इथे काही उरले नाही, म्हणूनही कित्येक मुलींची निवड होऊन जाते.

सडेतोड :
मावशींच्या शेवटच्या वाक्याशी सहमत आहे, म्हणजे सहमत होणे भाग आहे. 'हौस' हा शब्द मागे घेतो. आधी तिकडे आणि मग इकडे हा क्रम मात्र कायम ठेवतो, निदान ज्यांच्यापैकी एक जण इंग्रज आहे त्यांच्यासाठी. जर्मनांचे जर्मनांनी पाहावे.

मुळामुठा :
जर्मनांनी पाहिलेले आहे. जर्मन नागरिकाबरोबर संसार करणाऱ्याचा कायमस्वरूपी परवाना तो देशाबाहेर राहिल्याने सहसा संपत नाही, आणि जून २०२४ पासून जर्मनीने दुहेरी नागरिकत्वही मान्य केले आहे. अडसर भारताच्या बाजूने आहे. त्यामुळे पाच-सहा वर्षे तिकडे आणि मग पुण्यात, किंवा उलट, असे दोन्ही आमच्यासाठी खुले आहे. ब्रिटनची घड्याळे सगळ्यांच्या मनगटावर बांधू नयेत, एवढेच म्हणणे होते.

अर्धविराम :
'कृष्णाकाठ' यांच्यासाठी : वडिलांचा मृत्यूदाखला, सर्व वारसांची नावे असलेले प्रतिज्ञापत्र आणि बहिणीच्या ओसीआय कार्डाची प्रत जोडून वारसनोंदीचा अर्ज करावा. नोंद नाकारली तर कारण लेखी मागावे. तोंडी नकारावर अपील करता येत नाही. कर्ज आणि मशागतीचा खर्च यांचा हिशेब वाटपाच्या वेळी जरूर मांडावा, त्यासाठी हक्कसोडपत्राची गरज नाही.

कृष्णाकाठ :
ठीक आहे. बहीण दिवाळीत येणार आहे, तेव्हा नाव लावण्याचा अर्ज करू. मात्र मोजणीचा अर्धा खर्च तिच्याकडून घेणार, आणि तो डॉलरमध्ये.