तिसऱ्या रांगेत बसणार कोण, ते आधी सांगा

घाटवळण

काल एका साहेबांनी लिहिलंय की घरात चारपेक्षा जास्त माणसं असतील तर नेक्सॉन, ब्रेझ्झा वगैरे छोट्या एसयूव्ही घेणं म्हणजे पैसे पाण्यात, त्या फुगवलेल्या हॅचबॅक आहेत, फॅमिलीवाल्या माणसाने डोळे मिटून सात सीटर एसयूव्ही घ्यावी आणि आता तर जीएसटीही कमी झालाय. वाचून इतकी चिडचिड झाली की दोन ओळींत उत्तर देणं जमेना.

जीएसटीचं आधी उरकते. 22 सप्टेंबर 2025 पासून मोठ्या एसयूव्हीचा कर 50 टक्क्यांवरून 40 वर आला, बरोबर. पण नेक्सॉनसारख्या चार मीटरच्या आतल्या गाडीला पेट्रोलमध्ये 29 आणि डिझेलमध्ये 31 पडायचे ते थेट 18 झाले. मग स्वस्त नक्की काय झालं? वर आपल्या महाराष्ट्रातला रोड टॅक्स, दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला 11 टक्के आणि दहा ते वीस लाखांमधल्या डिझेलला 14. हप्ता भरणाऱ्याला हा फरक कळतो, सल्ला देणाऱ्याला नाही.

आता मुद्द्याचं. तिसऱ्या रांगेत कोण बसतं? गाडी घेणारा तर कधीच बसत नाही. तो पुढे, त्याच्या शेजारी त्याचे वडील, मधे आई, आत्या, पाहुणे, आणि मागे सून आणि पोरं. मी लग्न झाल्यापासून सासरच्या सात सीटरमध्ये मागेच बसत आलेय, त्यामुळे शोरूमचं कौतुक मला सांगू नका. मागची जमीन उंच असते म्हणून मांडीला आधारच मिळत नाही, गुडघे छातीशी येतात. मधल्या सीटवरच्याने सीट मागे टाकली की आपले गुडघे त्याच्या पाठीत. मागची रांग उभी केली की डिकीत दोन बॅगा उभ्या राहतात, बाकी सामान, म्हणजे नारळाची पिशवी, फराळाचे डबे, बाळाचं सगळं, आमच्या मांडीवर. आंबा घाटात मुलीला मळमळायला लागलं तेव्हा आधी आत्यांना उतरवायचं, मग मधली सीट उलटवायची, मग आम्ही बाहेर. तोपर्यंत व्हायचं ते झालं. चाकाच्याही मागे बसलेल्या माणसाला प्रत्येक वळण दुप्पट लागतं हे पुढे बसणाऱ्याला आयुष्यात कळत नाही.

मी स्वतःच्या पैशाने नेक्सॉन घेतली. वर्षभर आम्ही चौघंच असतो. गणपतीला सगळे मिळून जायचं तर इनोव्हा भाड्याने करतो. त्या दोन-चार दिवसांसाठी बाकी वर्षभर रिकाम्या सीटा शहरभर फिरवायच्या, हा कुठला हिशोब?

पन्हाळ्याचा_वारा

ते साहेब मीच. ताई, तुमच्या घरात तुम्हाला मागे बसवतात हा तुमच्या घरचा प्रश्न आहे, गाडीचा नाही. आमच्यात माझी आई पुढे बसते आणि मी गाडी चालवत नसलो तर मागे मीच बसतो.

आणि चार मीटरचं कौतुक किती कराल? हे मापच मुळात करासाठी आलेलं. पेट्रोल 1200 सीसी, डिझेल 1500 सीसी, लांबी चार मीटरच्या आत, की कर कमी. म्हणून तर सगळ्या 3995 मिलिमीटरवर येऊन थांबतात. ढुंगण कापलेली गाडी ती, माणसाच्या सोयीसाठी तिचं माप ठरलेलं नाही. आणि ब्रेझ्झा चार मीटरच्या आत असून 40 टक्क्यांतच, कारण इंजिन 1462 सीसी. ते तुम्ही सोयीने गाळलंत.

आमचं एकत्र कुटुंब आहे. आई-बाबा, मी, बायको, दोन पोरं, आणि लहान भाऊ सुट्टीला येतो. पाच सीटरमध्ये कुणाला घरी ठेवून जाऊ? मागे तीन मोठी माणसं बसली की मधल्याची काय अवस्था होते ते पण लिहा की. आणि भाड्याने करा म्हणणं सोपं आहे. गणपतीत आणि मे महिन्यात गाडी मिळत नाही, मिळाली तर रेट दुप्पट, ड्रायव्हरची झोपायची सोय आपणच बघायची, आणि रात्री आईला काही झालं तर तो सकाळीच उठणार.

पिवळी_पाटी

ड्रायव्हरबद्दल जपून बोला राव. आम्ही सीझनला घरचा गणपती सोडून तुमच्या गणपतीला गाड्या चालवतो. रात्री दोनला मलकापूरहून पेशंट घेऊन कोल्हापूरला गेलोय, एक पैसा जास्त न घेता.

आणि सगळ्यांनाच सांगतो, स्वस्त पडते म्हणून ओळखीतल्याची पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने घेऊ नका. खाजगी पासिंगची गाडी भाड्याला लावली आणि अपघात झाला तर इन्शुरन्सवाले क्लेमला हात वर करतात. आम्ही परमिट, फिटनेस, टॅक्स सगळं भरायचं आणि धंदा त्यांनी न्यायचा. यावर कुणी बोलत नाही.

विदर्भ_एक्सप्रेस

समृद्धीवर चालवून बघा मग बोला. 701 किलोमीटर, लिमिट 120. नागपूरहून माहेरच्या लोकांना घेऊन नाशिकला जातो आम्ही, लहान गाडीत चार माणसं आणि सामान भरलं की बाजूने ट्रॅव्हल्स गेली तरी हलते. मोठ्या गाडीत तो प्रकार नाही. लांबच्या प्रवासाला व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, जास्त लागतो, स्कॉर्पिओ-एनचा 2750 मिलिमीटर आहे आणि नेक्सॉनचा 2498. एवढ्या फरकाने माणूस कमी थकतो.

घाटवळण

@विदर्भ_एक्सप्रेस हे मान्य. सरळ रस्त्यावर लांब गाडी स्थिर वाटते. पण स्थिर वाटते म्हणून लोक 120 चे 140 करतात आणि मागच्या रांगेत बेल्ट कोण लावतं सांगा? 2022 च्या सप्टेंबरमध्ये उद्योगपती सायरस मिस्त्री पालघरजवळ अपघातात गेले, मर्सिडीज होती, मागे बसले होते, बेल्ट नव्हता. गाडीच्या आकाराने जीव वाचत नाही. 2018 च्या डिसेंबरमध्ये ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत पाच तारे मिळवणारी पहिली भारतीय गाडी ही 'फुगवलेली हॅचबॅक'च होती, नेक्सॉन.

@पन्हाळ्याचा_वारा तुम्ही मागे बसता हे वाचून आनंद झाला. तुमच्यासारखे फार नाहीत. आणि 'घरचा प्रश्न' म्हणून झटकू नका, गाडी घरातल्या माणसांसाठीच घेतो ना आपण?

पार्किंग_पीडित

तुम्ही आतल्या सीटांवर भांडताय, बाहेरचं कोण बघणार? आमच्या वाकडच्या सोसायटीत दर दुसऱ्या घरी आता साडेचार मीटरच्या पुढची गाडी आहे. शेजाऱ्याची गाडी माझ्या खांबाला इतकी चिकटून लागते की मला डिकीतून आत शिरावं लागलंय. माझी बायको गरोदर होती तेव्हा मी गाडी रस्त्यावर आणून तिला बसवायचो. चेअरमनना लिहून दिलं तर म्हणाले ॲडजस्ट करा. मोठी गाडी घेणाऱ्याने दोन पार्किंगचे पैसे भरावेत, सरळ हिशोब.

पन्हाळ्याचा_वारा

उगाच काहीतरी. नेक्सॉनची रुंदी 1804 मिलिमीटर, स्कॉर्पिओ-एनची 1917. फरक अकरा सेंटिमीटर, वीतभरही नाही. पार्किंगचं माप साधारण अडीच मीटर बाय पाच मीटर असतं, त्यात दोन्ही बसतात. तुमच्या बिल्डरने खांब मधे आणून ठेवला त्याचा राग आमच्यावर का?

पार्किंग_पीडित

अकरा सेंटिमीटर तुम्हाला काही वाटत नसतील, दार उघडायला तेवढेच उरतात. अडीच मीटरमधून 1917 वजा करा, आरसे धरायचे नाहीत, तरी दोन्ही बाजू मिळून 58 सेंटिमीटर. अर्धे केले तर एका बाजूला 29. त्यातून तुम्ही बाहेर येऊन दाखवा.

मुलुंडची_मावशी

आमच्याकडे तर स्टॅक पार्किंग, एकावर एक गाड्या चढवायचं. बिल्डरने सेडानच्या मापाचा पॅलेट बसवलाय, उंची 1550 मिलिमीटर. त्यात तुमची स्कॉर्पिओ सोडाच, घाटवळणताईंची नेक्सॉनसुद्धा जात नाही. विकताना म्हणाले कुठलीही गाडी बसते. आमच्या मजल्यावरच्या तिघांनी गाडी घेतल्यावर शोधलं की ती आत जात नाही. आता तिन्ही गाड्या रस्त्यावर, आणि टोइंगवाले रोज हजर. 2025 मध्ये परिवहन मंत्री सरनाईक म्हणाले होते की पार्किंग दाखवल्याशिवाय गाडीची नोंदणी नको. मला पटतं ते. आधी जागा दाखवा, मग सात सीटर घ्या.

पन्हाळ्याचा_वारा

म्हणजे ज्याला बिल्डरने फसवलं त्यानेच गाडी घ्यायची नाही? वा. आणि गावाकडे अंगण आहे आमच्या, आम्ही का मुंबईचा नियम पाळायचा?

मुलुंडची_मावशी

आवाज वाढवू नका. 2010 मध्ये सुप्रीम कोर्टाने पांचाली सोसायटीच्या केसमध्ये सांगितलं की बिल्डरला स्टिल्ट पार्किंग, म्हणजे बिल्डिंगखालचं खांबांमधलं, फ्लॅटपासून वेगळं विकता येत नाही. रेरा हा बिल्डरांवरचा कायदा आल्यावर कव्हर्ड पार्किंग विकता येतं, ओपन नाही. तरी ओपनचे दोन-दोन लाख घेतलेले लोक आमच्याच बिल्डिंगमध्ये आहेत. यावर सोसायट्या एकत्र का येत नाहीत?

विदर्भ_एक्सप्रेस

विषय काय, चाललंय काय. पार्किंगवाल्यांनी वेगळं बोला ना भाऊ.

पार्किंग_पीडित

विषय हाच आहे. गाडी चोवीसपैकी बावीस तास उभीच असते.

अर्टिगावाला

मी जरा शांतपणे सांगतो. तुम्हाला सात माणसं न्यायची असतील तर एसयूव्हीच का पाहिजे? अर्टिगा साडेचार मीटरच्या आत, मागची रांग उभी असताना डिकी 209 लिटर, दार मोठं, जमीन खाली, म्हातारं माणूस पाय न उचलता बसतं. मागच्या पावसाळ्यात आमच्या शेजारच्या काकांची कंबर मोडली, अँब्युलन्सला वेळ लागत होता, दोन्ही रांगा पाडून गादी टाकली आणि चंदगडहून बेळगावला नेलं. मी मागे उकिडवा बसून त्यांचं डोकं धरून होतो. त्या उंच एसयूव्हीमध्ये त्यांना चढवता तरी आलं असतं का? लोकांना सात सीट नको असतात, बोनेट उंच पाहिजे असतं. आणि सीएनजीत चालवायला पण परवडते.

पन्हाळ्याचा_वारा

सीएनजीची टाकी कुठे ठेवता मग? डिकीतच ना? मग 209 लिटर कुठे राहिले?

अर्टिगावाला

सीएनजी घेतली तर डिकी जाते, कबूल. कॅरिअर लावतो.

घाटवळण

अर्टिगावाल्यांचं मला पटतं आणि मनाला लागतं पण, कारण माझ्या सगळ्या बोलण्यात म्हातारी माणसं आलीच नव्हती. ज्यांच्या घरात खरोखर रोज सहा-सात माणसं एकत्र फिरतात त्यांनी अर्टिगासारखी एमपीव्ही घ्यावी, माझी ना नाही. माझा राग उंच बोनेटवाल्या गाडीत कोंबलेल्या त्या शेवटच्या बाकड्यावर आहे, ज्याला काही गाड्यांत एसीचा व्हेंटसुद्धा देत नाहीत आणि जाहिरातीत 'फॅमिली' म्हणून विकतात.

पन्हाळ्याचा_वारा

व्हेंट नसलेली मी घेणार नाही, तेवढी अक्कल आहे. आणि ठीक आहे, मागची रांग मोठ्या माणसांसाठी लांबच्या प्रवासाला नाही, पोरांसाठी आहे, एवढं लिहून देतो. पण घेणार सात सीटरच. रविवारी आईला घेऊन शोरूमला जातोय.

घाटवळण

बायकोला आणि पोरांना पण न्या. मधल्या रांगेत मोठा माणूस बसवा, त्याच्या सोयीने सीट मागे घेऊ द्या, आणि मग तिसऱ्या रांगेत तुम्ही बसा. शोरूमवाला मधली सीट पुढे सरकवूनच मागचं दाखवतो, ते चालवून घेऊ नका. टेस्ट ड्राइव्हला पण मागेच बसा, आणि एकदा तरी रस्ता खराब असेल तिकडे न्यायला सांगा. मागची रांग उभी असताना घरची मोठी बॅग डिकीत टाकून दार बंद होतं का बघा.

पन्हाळ्याचा_वारा

बॅग नेतो. बायको म्हणते ती पण मागे बसून बघणार.

पार्किंग_पीडित

@मुलुंडची_मावशी ते पांचालीच्या केसचं जरा नीट लिहाल का, रविवारी आमच्या सोसायटीची एजीएम, वार्षिक सभा आहे.