आरोग्यातल्या विषमतेवर संशोधन करायचंय: कुठे शिकू, कसं जमवू? (नंदुरबार)

उनपदेव

नमस्कार मंडळी.

मी धडगाव तालुक्यात एका उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी आहे. बी.एस्सी. नर्सिंग केलंय. घरची भाषा पावरी, शाळा आश्रमशाळेत, कॉलेज धुळ्याला.

दर महिन्याच्या आढावा बैठकीत घरी झालेली बाळंतपणं आणि सॅम-मॅमच्या (अतितीव्र आणि मध्यम कुपोषित) मुलांचे आकडे वाचले जातात. शेवटी ठरलेलं वाक्य येतं, "लोकांत जागृती नाही, समुपदेशन वाढवा." मला हे पटत नाही. काही पाड्यांवर पावसाळ्यात गाडी पोचतच नाही. बाईला झोळीत घालून डांबरी रस्त्यापर्यंत आणावं लागतं. नवरा ऊसतोडीला गेलेला, घरात म्हातारी सासू आणि दोन लहान पोरं. तिने कुणाच्या भरवशावर निघायचं? याच तालुक्यातली नोकरदाराच्या घरची बाई आठव्या महिन्यातच शहाद्याला नातेवाइकांकडे जाऊन राहते. दोघींना माहिती मीच दिलेली असते, तीच आणि तेवढीच.

मला या फरकाचा नीट, शास्त्रशुद्ध अभ्यास करायचाय, आणि तो धोरण ठरवणाऱ्यांपर्यंत न्यायचाय. आमच्याकडे बाहेरून पथकं येतात, मुलांची वजनं घेतात, प्रश्न विचारतात. मी त्यांना पाडोपाडी फिरवलंय, दुभाषी झालेय. त्यातला एकही अहवाल पुन्हा आमच्यापर्यंत आला नाही. हे काम आमच्यातल्याच कुणीतरी करायला हवं असं मनापासून वाटतं.

एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी) कुठून करू? नर्सला संशोधक म्हणून कुणी विचारतं का? घर माझ्या पगारावर चालतं, मग नोकरी सोडून शिकायचं कसं? इंग्रजी वाचता येतं, लिहिताना अडखळते. कृपया मोकळेपणाने सांगा.

---

डॉ_पांझरा

ताई, मी धुळ्यात जनऔषधवैद्यकशास्त्र (कम्युनिटी मेडिसिन) शिकवतो. तुमच्या बैठकीतल्या त्या वाक्याला साठ वर्षांपूर्वीच उत्तर देऊन झालंय.

बंगळूरच्या राष्ट्रीय क्षयरोग संस्थेत डॉ. देबाबर बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन यांनी खेड्यांतल्या क्षयरुग्णांचा अभ्यास केला. तो १९६३ मध्ये छापून आला. तेव्हाही सगळे म्हणायचे की खेडुतांना आजाराची जाण नाही. प्रत्यक्षात बहुतेक रुग्णांना आपली लक्षणं नीट ठाऊक होती, आणि निम्म्याहून अधिक जण स्वतःहून दवाखान्याची पायरी चढून आलेले होते. तिथे त्यांना खोकल्याचं औषध देऊन घरी पाठवलेलं होतं. म्हणजे कमी पडला होता दवाखाना. क्षयाचं निदान आणि उपचार जवळच्या साध्या सरकारी दवाखान्यातच व्हावेत, या धोरणाला त्या अभ्यासाने मोठा आधार दिला. हेच बॅनर्जी पुढे जेएनयूत गेले आणि सामाजिक वैद्यक व समुदाय आरोग्य केंद्र त्यांनी उभं केलं.

"जागृती नाही" हे गृहीतक आहे, आणि गृहीतक तपासता येतं. तुमची खरी सुरुवात इथून होते. एमपीएच त्यानंतर.

नर्सबद्दल विचारलंत. या क्षेत्रात समाजशास्त्र, संख्याशास्त्र, नर्सिंग, समाजकार्य, अर्थशास्त्र अशा सगळ्या वाटांनी आलेली माणसं आहेत. डॉक्टरांचा आवाज अजून मोठा असतो हे खरं, पण कामाची पद्धत पक्की असेल तर तुमचं म्हणणं खोडणं कुणालाही अवघड जातं.

---

मेहरूणकाठ

मी जळगावची, सध्या मुंबईत याच विषयात पीएच.डी. करतेय. शिक्षण आणि पैशाचं मी सांगते.

तुमच्या प्रश्नाला सगळ्यात जवळचा अभ्यासक्रम म्हणजे टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतलं, म्हणजे टिसमधलं, सोशल एपिडेमिऑलॉजीचं एमपीएच. आजार कुणाला होतो आणि त्याचा जात, जमीन, स्थलांतर, बाईपण यांच्याशी कसा संबंध असतो, हाच त्याचा गाभा. प्रवेश सीयूईटी-पीजी या सामाईक प्रवेश परीक्षेतून. जेएनयूचं केंद्र सैद्धांतिक बाजूने भक्कम आहे, धोरणाचा इतिहास तिथे मुळापासून शिकवतात. तिरुवनंतपुरमचं अच्युत मेनन सेंटरही नावाजलेलं आहे. घराच्या जवळ राहायचं असेल तर पुणे विद्यापीठात एमपीएच आहे. देवनारची आयआयपीएस ही लोकसंख्याशास्त्राची संस्था, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण तीच करते. आकड्यांची आवड असेल तर तिकडे जा. तुमच्या जागी मी असते तर टिस पहिलं आणि जेएनयू दुसरं ठेवलं असतं. नुसतं हॉस्पिटल व्यवस्थापन शिकवणाऱ्या खासगी "एमपीएच"वर मात्र पैसे घालवू नका. जाहिराती फार गोड असतात.

आता पैसा. अनुसूचित जमातीसाठीच्या पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्तीला अडीच लाखांची उत्पन्नमर्यादा आहे. तुमचा सध्याचा पगार धरला तर अडचण येईल. म्हणून राजीनामा देण्याआधी तळोद्याच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात जाऊन उत्पन्नाचा दाखला कोणत्या वर्षाचा धरतात ते लेखी विचारून घ्या. तोंडी उत्तरावर विसंबू नका.

एमपीएचची दोनच वर्षं ओढाताणीची असतात, पीएच.डी.ला चित्र बदलतं. यूजीसी-नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेत "सामाजिक वैद्यक व समुदाय आरोग्य" हा स्वतंत्र विषय आहे आणि फार थोड्यांना तो माहीत असतो. जेआरएफ (संशोधनासाठीची फेलोशिप) मिळाली तर दरमहा ३७,००० रुपये. शिवाय अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांसाठी राष्ट्रीय फेलोशिप आहे, दरवर्षी ७५० जागा. परदेशासाठी राष्ट्रीय शिष्यवृत्तीत या प्रवर्गाला वर्षाला २० जागा असतात, पण तो विचार एमपीएचनंतर करा.

इंग्रजीची भीती मलाही होती. आठवड्याला एक शोधनिबंध शब्दकोश घेऊन वाचायचा, आणि त्यात काय विचारलं, कसं मोजलं, काय सापडलं एवढं मराठीत लिहून काढायचं. लिहायला हाताशी मजकूर असला की भाषा मागून येते.

---

गटप्रवर्तक_साक्री

ताई, तुन्हा प्रश्न वाचीसनी भलतं बरं वाटनं. मी साक्री तालुकामा शे. बाकीच्यांसाठी पुढचं मराठीत लिहिते.

मी आशांची गटप्रवर्तक आहे. एक गोष्ट ध्यानात ठेवा. आपल्याकडे दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबं बारडोलीकडे नाहीतर खाली पश्चिम महाराष्ट्रात जातात. पाडा निम्मा रिकामा होतो. जानेवारीत कुणी सर्व्हे करायला आलं तर त्यांना कुलपं दिसतात. जी घरं उघडी असतात त्यांचीच मोजणी होते, आणि तीच थोडी बऱ्या परिस्थितीतली असतात. होळीला बरेच जण येतात, काही हंगाम आटपल्यावर. तुमच्याकडच्या काठी गावच्या होळीला तर अख्खा डोंगर उतरतो. अभ्यास करायचा तर होळीनंतर आणि पाऊस लागायच्या आत.

आणि आशांना नुसतं घरं दाखवायला नेऊ नका. कुठलं पोर कुठल्या महिन्यात खंगलं हे त्यांना पाठ असतं. त्यांना अभ्यासात घ्या, कामाचा मोबदला द्या, अहवालात नाव घाला.

---

डॉ_पांझरा

साक्रीच्या ताईंनी सांगितलं ते आमच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी फळ्यावर लिहून ठेवावं असं आहे.

---

अमळनेरकर

मी निवृत्त संख्याशास्त्राचा प्राध्यापक. दोन गोष्टी सांगतो.

पहिली, सरासरीबद्दल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रात पाच वर्षांखालची ३६ टक्के मुलं वयाच्या मानाने कमी वजनाची आढळली. नंदुरबार जिल्ह्यात हे प्रमाण निम्म्याहून अधिक होतं. बातम्या इथे थांबतात. पण शहाद्याच्या बागायती पट्ट्यातलं गाव आणि नर्मदाकाठचा पाडा हे दोन्ही त्याच "नंदुरबार" आकड्यात मिसळलेले आहेत. सर्वेक्षण जिल्ह्यापर्यंतच उतरतं, तालुक्याचा आकडा देत नाही. तुमच्यासारख्यांचं काम तिथून पुढे आहे.

दुसरी, उतरंडीबद्दल. १९६७ मध्ये ब्रिटिश सरकारी नोकरांचा व्हाइटहॉल अभ्यास सुरू झाला. सगळे पुरुष, सगळे नोकरीत, उपाशी कुणीच नाही. तरी सर्वांत खालच्या श्रेणीतल्यांचा मृत्युदर सर्वांत वरच्यांच्या सुमारे तिप्पट निघाला, आणि मधल्या प्रत्येक पायरीवर तो चढत गेला. म्हणजे प्रश्न फक्त "गरीब विरुद्ध बाकीचे" असा नसतो, पायरीपायरीने आयुष्य कमी होत जातं. या अभ्यासावर पुढे ज्यांनी काम केलं ते मायकेल मार्मट जागतिक आरोग्य संघटनेच्या सामाजिक निर्धारकांवरील (आरोग्य ठरवणाऱ्या सामाजिक कारणांवरील) आयोगाचे अध्यक्ष होते. आयोगाचा अहवाल २००८ चा. अमर्त्य सेन त्यात सदस्य होते. अहवाल इंटरनेटवर मोफत आहे, जरूर वाचा. आपल्याकडे या पायऱ्या कोणत्या? कोरडवाहू, बागायती, भूमिहीन, वनपट्टा (कसत असलेल्या वनजमिनीचा हक्क) मिळालेला आणि न मिळालेला. तुम्ही हे वर्ग ठरवताना पुस्तकातले घेऊ नका, गावातले घ्या.

हिशेबासाठी आर नावाची प्रणाली मोफत आहे, साध्या लॅपटॉपवर चालते. उपकेंद्राच्या नोंदवह्या मात्र परवानगीशिवाय अभ्यासासाठी वापरू नका. नीतिसमितीची (संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीची) मान्यता लागते. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं वाचा. आदिवासी समुदायात काम करताना समुदायाची संमती घेतली तरी प्रत्येक व्यक्तीची वेगळी संमती सुटत नाही.

---

उनपदेव

सर्वांचे खूप आभार. वनपट्ट्याचा मुद्दा डोक्यातच नव्हता. आमच्याकडे पट्टा मिळालेली आणि न मिळालेली घरं शेजारी-शेजारी आहेत.

एक मनातलं विचारते. एवढं शिकून, निबंध छापून, खरंच काही बदलतं का? की कपाटात जातं?

---

मोलगीचा_वाटसरू

बरीच वर्षं या भागात आरोग्य हक्काचं काम केलंय, म्हणून लिहितो.

बदलतं, पण निबंध एकटा बदलत नाही. गडचिरोलीचं उदाहरण बघा. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने गावातल्याच बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं. ३९ गावांत काम, ४७ गावं तुलनेला. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी खाली आला होता. हे १९९९ मध्ये लॅन्सेटमध्ये छापलं गेलं. तुमच्या आशा बाळंतपणानंतर ४२ दिवसांत घरी सहा-सात भेटी देतात ना? तो राष्ट्रीय कार्यक्रम २०११ चा. मधली बारा वर्षं पुरावा पुन्हा पुन्हा मांडण्यात, विरोधकांना उत्तरं देण्यात आणि दिल्लीत खेटे घालण्यात गेली. या कामात उतरायचं तर एवढा पल्ला धरून चला.

दुसरी वाट आपल्याच जिल्ह्यातली. २००७ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात लोकाधारित देखरेख सुरू झाली. राज्यातले पहिले पाच जिल्हे होते अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे. पुण्याची 'साथी' ही संस्था राज्याचं समन्वयन करत होती. गावकरी स्वतः दवाखान्याचं प्रगतिपुस्तक भरायचे, हिरवा-पिवळा-लाल रंग द्यायचे, आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर मांडायचे. औषध बाहेरून आणायला लावणं, पैसे मागणं, कर्मचारी गैरहजर असणं, हे सगळं लोकांनी उभं राहून सांगितलं आणि जागच्या जागी उत्तरं मागितली. तेही संशोधनच होतं. फरक एवढा की आकडे ज्यांचे, त्यांच्याच हातात होते. तुमच्या शोधनिबंधाची मराठी आणि पावरी आवृत्ती ग्रामसभेत वाचली गेली पाहिजे असं मी आग्रहाने म्हणेन, आणि इंग्रजी निबंध छापून यायची वाट न बघता.

नोकऱ्यांबद्दल कुणी लिहिलं नाही. पुण्याचं राज्य आरोग्य यंत्रणा संसाधन केंद्र, दिल्लीचं राष्ट्रीय केंद्र, आयसीएमआरचे प्रकल्प, जबलपूरची आदिवासी आरोग्य संशोधन संस्था, मुंबईत 'सेहत', पुण्यात 'साथी', आणि विद्यापीठं. बहुतेक जागा कंत्राटी असतात, हे आधीच घरी सांगून ठेवा. सिकलसेलच्या कामाला सध्या माणसं लागताहेत. २०२३ मध्ये राष्ट्रीय निर्मूलन अभियान सुरू झालंय, तपासणी मोठ्या प्रमाणावर चालू आहे. तपासणीनंतर मिळणाऱ्या सिकलसेल कार्डाचं घरात, लग्नाच्या बोलणीत काय होतं, हे पावरी-भिली बोलणाऱ्या माणसाशिवाय कुणाला समजून घेता येणार?

---

मेहरूणकाठ

+१. नोकरी लगेच सोडू नका, ताई. प्रवेश परीक्षेचा अर्ज या वर्षी भरा, अभ्यास नोकरीत राहून होतो. दरम्यान 'सर्च'चा तरुणांसाठीचा 'निर्माण' उपक्रम पाहा. समविचारी माणसं मिळतात, आणि डोंगरात एकटीने असलं काम करताना त्याचा फार आधार वाटतो.

---

उनपदेव

ठरवलं. सीयूईटीचा अर्ज भरते, तळोद्याला लेखी अर्ज देऊन येते. आणि प्रश्न असा घेते: "धडगाव तालुक्यातील स्थलांतरित कुटुंबांच्या आरोग्यावर सामाजिक परिस्थितीचा होणारा परिणाम." कसा वाटतो?

---

अमळनेरकर

फार मोठा आहे, यात तीन पीएच.ड्या होतील. एवढाच घ्या: पाचव्या महिन्यानंतर ऊसतोडीला गेलेल्या गरोदर बायका बाळंत कुठे झाल्या, आणि तिथे त्यांच्याकडे आपलं माता-बाल कार्ड होतं का? तुमच्या वहीत त्यांची नोंद निघेपर्यंतची असते, पुढची असलीच तर कारखान्याच्या भागातल्या दवाखान्यात. दोन्ही टोकं जुळवायची तर बाई परतल्यावर तिलाच विचारावं लागेल. म्हणजे साक्रीच्या ताईंनी सांगितलेला तोच काळ.

प्रश्नावली आधी पावरीत तयार करा, मग मराठीत आणा. एका पाड्यावर दोन-तीन बायकांना विचारून बघा, कुठे अडतंय ते लिहा, आणि मसुदा इथे टाका. डॉक्टर आणि मी बघतो. नीतिसमितीच्या अर्जाचा नमुना त्यांच्याकडे असेलच.