चर्चमध्ये जलपऱ्या कशाला कोरायच्या?

उनाडपाऊल
मंडळी, एक बाळबोध प्रश्न. इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये झेनर म्हणून गाव आहे, तिथल्या सेंट सेनारा चर्चमधल्या जुन्या बाकाचे फोटो बघत होतो तर बाकाच्या कडेच्या फळीवर चक्क जलपरी! लांब मोकळे केस, एका हातात आरसा, दुसऱ्यात कंगवा, बेंबीसुद्धा कोरलीये आणि खाली खवल्यांची शेपटी. मग शोधत सुटलो तर इटली, फ्रान्स, आयर्लंड, जिथे बघावं तिथे ह्या बाई हजर. चर्चमध्ये संत देवदूत ठीक, सैतानही समजू शकतो, पण हिचं तिथे काय काम? बऱ्याच ठिकाणी "जुन्या धर्माच्या देवीचे अवशेष" असं ठोकून दिलेलं असतं, ते काही पटत नाही बुवा, कारण एवढं दर्शनी भागात कोरलंय म्हणजे पाद्र्यांना माहीत असणारच ना?

कागदकीडा
पटत नाही तेच बरंय. हा सगळा मामला पुस्तकातून आलाय. ग्रीकांच्या सायरन म्हणजे गाणी गाऊन खलाशांना भुलवणाऱ्या, त्या मुळात अर्ध्या बाई अर्ध्या पक्षी. ग्रीक महाकाव्याचा नायक ओडिसियसने त्यांच्या गाण्याला भुलू नये म्हणून स्वतःला जहाजाच्या डोलकाठीला बांधून घेतलं ती गोष्ट ख्रिस्ती विद्वानांनी जशीच्या तशी उचलली, दुसऱ्या शतकाच्या शेवटाला अलेक्झांड्रियाचा क्लेमेंट सांगतो की ती डोलकाठी म्हणजे क्रूसाचं लाकूड, त्याला धरून राहा म्हणजे मोह काही करू शकणार नाही. जेरोमच्या लॅटिन बायबलातही यशयाच्या 13व्या अध्यायात सायरन आहेत, म्हणजे पाद्र्यांना हा प्राणी परका नव्हताच.

पुढे प्राण्यांच्या गोष्टींमधून नीतिबोध सांगणारी पुस्तकं निघाली, बेस्टियरी म्हणतात त्यांना, त्यात ही हमखास. पक्ष्याचे पाय जाऊन माशाची शेपटी यायला बराच काळ गेला आणि मधे तर सरळ खिचडीच झालेली दिसते. बाराव्या शतकात फिलिप द ताँ नावाच्या माणसाने अँग्लो-नॉर्मन फ्रेंचमध्ये, म्हणजे इंग्लंडमधल्या नॉर्मन लोकांच्या फ्रेंचमध्ये, पद्यात बेस्टियरी लिहिली, त्यातली सायरन कमरेपर्यंत बाई, पाय ससाण्याचे आणि शेपटी माशाची! वर ती वादळात गाते आणि हवा चांगली असली की रडते. आरसा-कंगवा हा नंतरचा साज, नटणंमुरडणं आणि वासना दाखवायला. हातात मासा असेल तर तो बहुधा गळाला लागलेला भाविक समजायचा. थोडक्यात तुमचं उत्तर: मोहाचा इशारा.

कपबशी
आणि ती दोन शेपट्यावाली? स्टारबक्सच्या लोगोवर आहे ती, दोन हातांत दोन शेपट्या धरून बसलेली. तीही चर्चमध्ये असते का?

छिन्नीवाला
असते म्हणजे काय, इटलीत तर तिचाच सुळसुळाट आहे. पिएन्झाजवळ कोर्सिन्यानोचं छोटं जुनं चर्च आहे, तिथे दारावरच बसवलीये. पावियाच्या सान मिकेले माज्जोरेमध्ये आहे. ओत्रांतोच्या कॅथेड्रलमध्ये 1163 ते 1165 दरम्यान पँटालिओने नावाच्या साधूने अख्ख्या जमिनीवर मोझॅक करून घेतलं, त्यात नोहा आहे, आकाशात उडणारा अलेक्झांडर (सिकंदर) आहे, बोकडासारख्या जनावरावर बसलेला राजा आर्थर आहे, आणि ह्या सगळ्या गर्दीत दोन शेपट्यांची जलपरीपण आहे.

पण कागदकीडा, तुमचं "मोहाचा इशारा" सगळीकडे लावलं की माझं डोकं फिरतं, माफ करा. खांबाच्या माथ्यावरचा दगड डोळ्यासमोर आणा, वर चौकोनी आणि खाली गोल खांबावर येताना निमुळता. त्याच्या प्रत्येक बाजूला काहीतरी भरायचंय आणि कोपरे मोकळे सोडून चालत नाही. एका शेपटीची बाई कोरली की एक बाजू रिकामी. दोन शेपट्या दिल्या की त्या डावी-उजवीकडून वळत थेट वरच्या दोन कोपऱ्यांपर्यंत जातात, मधे धड, हात दोन्हीकडे पसरलेले, दगड गच्च भरला. कारागिराला हे असलं रूप मिळालं तर तो का सोडेल? अर्थ असेलही, नाही कोण म्हणतंय, पण आकाराने निम्मं काम केलंय.

आणि पाद्र्यांनी चालवून कसं घेतलं, तर सगळ्यांनी नाही घेतलं! फ्रान्समधल्या क्लेरवोच्या मठाचा प्रमुख बर्नार्ड 1125च्या आसपास ह्यावरून भयंकर चिडलेला. साधूंच्या राहत्या आवारात हे अर्धे माणूस अर्धे जनावर कशाला, पोथी वाचायची सोडून लोक दगड वाचत बसतात, आणि मूर्खपणाची लाज नाही तर निदान खर्चाची तरी वाटू द्या, असा त्याचा एकूण सूर. जलपरीचं नाव तो घेत नाही पण रोख ह्याच मंडळींवर आहे. त्याचं किती जणांनी ऐकलं ते दिसतंच.

अजून एक जागा बघा. गायनमंडळाच्या घडीच्या खुर्च्या असतात, आसन उचललं की खाली छोटीशी कड येते, तासन्‌तास उभं राहून प्रार्थना करणाऱ्याला टेकायला. मिझरिकॉर्ड म्हणतात तिला. इंग्लंडमध्ये एक्झेटरच्या कॅथेड्रलला तेराव्या शतकातल्या आहेत, लडलोच्या सेंट लॉरेन्समध्येही आहेत, दोन्हीकडे जलपरी आहे. लडलोची तर आरसा घेऊन दोन माशांच्या मधोमध. म्हणजे इशारा द्यायचा तो साधूच्या बुडाखाली? तिथे सुताराने हौस भागवून घेतली असंच मला वाटतं.

उनाडपाऊल
वा, मजा आली. मग झेनरच्या त्या बाकाची गोष्ट खरी मानायची का? मॅथी ट्रेव्हेला नावाचा पोरगा चर्चमध्ये सुंदर गायचा, त्याच्या आवाजावर भाळून जलपरी आली आणि त्याला समुद्रात घेऊन गेली, त्याची आठवण म्हणून ती कोरली म्हणे.

मिठागर
गोष्ट छान आहे पण क्रम उलटा वाटतो. कोरीवकाम पंधराव्या शतकाच्या सुमाराचं मानतात आणि गोष्ट छापून आली 1873 साली, विल्यम बॉट्रेलच्या लोककथांमध्ये. बाक आधीपासून होताच, लोकांनी बघून बघून गोष्ट रचली असणार.

त्यापेक्षा भारी गोष्ट सांगतो. चौदाव्या शतकाच्या शेवटाला कॉर्निश भाषेत धार्मिक नाटकं लिहिली गेली, ऑर्डिनालिया नावाची. ही नाटकं गोल उघड्या मैदानात करायचे, तसलं एक मैदान झेनरपासून जवळ सेंट जस्टला अजून शाबूत आहे. त्यात एका प्रसंगी पंडितांचा वाद चालतो की एकच माणूस देव आणि मानव दोन्ही कसा असेल, तर एकजण म्हणतो, जलपरी बघा की, अर्धी माणूस अर्धी मासा! म्हणजे येशूच्या दोन स्वभावांचा दाखला म्हणून जलपरी. त्याच मुलखात, जवळपास त्याच काळात. मग झेनरच्या बाकावर बसणारा शेतकरी तिच्याकडे बघून नेमकं काय समजत असेल सांगा?

कागदकीडा
हे नाटकाचं ध्यानात नव्हतं, झकास. तरी एक शंका: ख्रिस्ताचा दाखला द्यायचा तर हातात आरसा-कंगवा कशाला? आयर्लंडला क्लॉनफर्टच्या कॅथेड्रलमध्ये वेदीकडच्या कमानीवर जलपरी आहे, पंधरावं शतक, तिच्याकडेही तेच दोन जिन्नस. जिथे आरसा दिसेल तिथे मी माझं म्हणणं सोडणार नाही. खांबावरच्या दोन शेपट्या छिन्नीवाल्यांना देऊन टाकल्या.

छिन्नीवाला
घेतल्या. इंग्लंडमधल्या डरहॅमच्या किल्ल्यातलं नॉर्मन चॅपलही माझ्याच खात्यात टाका, 1080च्या आसपासचं आहे, तिथेही ती खांबाच्या माथ्यावरच आहे आणि तोवर आरसा-कंगवा आलेलाच नव्हता.