पेटीतला विमानाचा फोटो: पोलीस ॲक्शनचाच आहे का?

सेलूकर
राम राम मंडळी. वाड्याचं माळवद उतरवायला काढलं, तेव्हा पणजोबांची पत्र्याची पेटी खाली आली. ते तहसील कचेरीत पेशकार होते. आत पावत्या, सेतवार आणि पुठ्ठ्यावर चिकटवलेला हा फोटो. घरात सगळे एकच सांगत आलेत: १९४८ च्या पोलीस ॲक्शनला, म्हणजे निजामाच्या हैदराबाद संस्थानावरच्या भारतीय फौजेच्या कारवाईत, रझाकारांवर (निजामाच्या बाजूच्या सशस्त्र टोळ्यांवर) आलेलं विमान ते हेच. विमान डोक्यावरून गेलं तेव्हा आजी ज्वारीत लपली होती, हे मी तिच्याच तोंडून ऐकलंय.

१७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनाला, शाळेत प्रदर्शन आहे, गुरुजींनी फोटो मागितलाय. खाली चुकीचं लिहिलं जाऊ नये म्हणून विचारायलो.

स्कॅन पुसट आलाय, म्हणून दिसतं ते सांगतो. पंखांच्या दोन जोड्या, एकीवर एक, मधे खांब आणि तारा. माणसं दोन, एकामागे एक, अगदी जवळ बसलेली. नाक बोथट, जुन्या लॉरीच्या तोंडासारखं जाळीचं. अंगावर इंग्रजी ओळ, त्यात ‘हैदराबाद नं.’ एवढं लागतं, पुढचा आकडा उडालाय. मागे उर्दूत दोन ओळी आहेत. शेजारच्या चाचांना त्यातलं फक्त ‘१३२८’ वाचता आलं. तो आम्ही फोटोचा नंबर समजत होतो.

धाराशिवचा मास्तर
पंखांच्या दोन जोड्या असतील तर १९४८ चं नाही. त्या कारवाईत पुण्याहून टेम्पेस्ट विमानं आली होती. पंखांची एकच जोडी, वैमानिक एकटा. हैदराबादचं नाव दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या स्पिटफायरवाल्या १५२ नंबरच्या स्क्वाड्रनलाही (विमानांच्या तुकडीलाही) होतं, त्यांच्या चिन्हात निजामाचं शिरोभूषण आहे. पण स्पिटफायरलाही पंखांची एकच जोडी. तुमचं विमान याहून जुनं दिसतंय.

जुनी दप्तरं, नांदेड
१३२८ हा नंबर नाही, फसली सन आहे, म्हणजे निजामी दप्तरातलं महसुली वर्ष! कुणबी नोंदी शोधताना मी रोज हाच हिशेब करतो. ५९० मिळवा, १९१८ येतं. निजामी फसली वर्ष ऑक्टोबरात बदलायचं, म्हणून १९१८-१९ धरा. पहिलं महायुद्ध नुकतंच संपत होतं.

त्या युद्धात हैदराबादचे निजाम मीर उस्मान अली खान यांनी इंग्रजांच्या ११० नंबरच्या स्क्वाड्रनला अख्खा विमानांचा ताफा भेट दिला. विमान एअरको डी.एच. ९ए जातीचं. प्रत्येकाच्या अंगावर निजामांची भेट असल्याचा मजकूर आणि ‘हैदराबाद’ पुढे क्रमांक. तुमच्या फोटोतलं जाळीचं तोंड म्हणजे समोर बसवलेला रेडिएटर (इंजिन थंड ठेवणारी जाळी). साध्या डी.एच. ९ चं नाक निमुळतं, रेडिएटर पोटाखाली. डी.एच. ४ मध्ये दोघांच्या मधे पेट्रोलची टाकी, त्यामुळे माणसं लांब लांब बसलेली दिसतात. तुमची जवळ आहेत. मला तरी शंका राहत नाही.

हे स्क्वाड्रन १ सप्टेंबर १९१८ ला फ्रान्सला पोहोचलं. भर दिवसा जर्मन शहरांवर बॉम्ब टाकायला जायचं, आणि यातली बरीच विमानं परतलीच नाहीत. त्यातलंच ‘हैदराबाद नं. १२ए’ जर्मनांच्या हाती लागलं, बर्लिनच्या संग्रहालयात गेलं, दुसऱ्या महायुद्धात पोलंडला पोहोचलं. आज ते ब्रिटनच्या आर.ए.एफ. संग्रहालयात आहे. पुठ्ठा फाडू नका, उन्हात ठेवू नका.

सेलूकर
चाचांकडे भिंग घेऊन परत गेलो. १३२८ च्या आधी ‘सरकार-ए-आली’, म्हणजे निजाम सरकार, असं लागलं. म्हणजे पणजोबांना हा कचेरीतूनच मिळाला असावा.

खरं सांगतो, काल रात्री झोप लागली नाही. लहानपणी दर १७ सप्टेंबरला झेंडावंदन करून आलो की आजी हा फोटो काढून दाखवायची. पण तिनं आभाळात पाहिलं ते काही खोटं नव्हतं, फोटो तेवढा दुसऱ्या विमानाचा. गुरुजींना सांगितलंय की याच्याखाली पहिलं महायुद्ध आणि फसली सन लिहा. आजीची हकिकत मी वेगळ्या कागदावर लिहून देतो.

मास्तर, टेम्पेस्टचा स्पष्ट फोटो असेल तर टाका. थोरली आत्या तेव्हा सहा वर्षांची होती, ज्वारीत आजीनं तिला पोटाशी धरलं होतं. तिला पंख आठवतात म्हणते. रविवारी तिच्याकडे जायलो.