शरद जोशी साहेब आज असते तर कापसाच्या आयात शुल्कावर काय म्हणाले असते?

बिल्लेवाल्याचा_पोरगा (प्रश्न)

बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून विचारतोय. वडील शरद जोशी साहेबांच्या शेतकरी संघटनेचे, लाल बिल्ला लावणारे, त्यामुळे लहानपणापासून ऐकत आलो की साहेब खुल्या व्यापाराच्या बाजूचे. 1991 च्या शेवटी डंकेलचा मसुदा, म्हणजे जागतिक व्यापाराच्या गॅट कराराचा मसुदा आला तेव्हा कर्नाटकात नंजुंडस्वामी, यूपीत टिकैत असे शेतकरी नेते, डावे, स्वदेशीवाले सगळे विरोधात उभे राहिले आणि साहेब मात्र उघड सांगत होते की येऊ द्या हा करार, यात शेतकऱ्याचं नुकसान नाही. आता 2025 सालच बघा. 7 ऑगस्टला पंतप्रधान म्हणाले शेतकऱ्यांच्या हिताशी तडजोड करणार नाही, वैयक्तिक किंमत मोजावी लागली तरी चालेल, आणि 19 ऑगस्टपासून कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क शून्य. आधी 30 सप्टेंबरपर्यंत, मग वाढवून 31 डिसेंबरपर्यंत. म्हणजे आपला कापूस बाजारात यायच्या ऐन वेळेला बाहेरच्या कापसाच्या गाठी बिनशुल्क. तेव्हा संघटनेतून निघालेले कितीतरी कार्यकर्तेच शुल्क परत लावा म्हणत होते. मग साहेबांची भूमिका चुकली होती का आपल्याला ती अर्धीच कळली? पक्षाचं भांडण नको, ज्यांनी साहेबांना ऐकलंय त्यांनी जरूर लिहा.

निफाडचा_कांदेवाला

अर्धीच कळली दादा. साहेब नुसती आयात खुली करा असं कधीच म्हणत नव्हते, त्यांचं म्हणणं होतं की सरकारने शेतमालाच्या बाजारातून हात काढून घ्यावा, निर्यात खुली, देशातला व्यापार खुला, साठा खुला, आणि मग आयात पण खुली. सरकारने त्यातलं फक्त सोयीचं उचललं. भाव वाढले की आयात खुली आणि निर्यात बंद, भाव पडले की मग कोणी फिरकत पण नाही.

कांद्याचं बघा ना. 19 ऑगस्ट 2023 ला 40 टक्के निर्यात शुल्क लावलं, एका रात्रीत. 8 डिसेंबरला सरळ बंदीच. आता डिसेंबरात आमच्याकडे असतो लाल कांदा, उन्हाळ कांद्यासारखा तो कांदाचाळीत पाच-सहा महिने राहत नाही, काढला की विकावाच लागतो, त्यामुळे बंदी आली त्या आठवड्यात ज्याचा माल निघाला त्याला थांबायची सोयच नव्हती, लिलावात पुकारेल तो भाव घ्यायचा. ती बंदी उठली मे 2024 ला, ती पण कशी, तर टनाला 550 डॉलर किमान निर्यात मूल्य (त्याखाली बाहेर विकायचं नाही) आणि वर 40 टक्के शुल्क. सप्टेंबरला 20 वर आणलं आणि 1 एप्रिल 2025 ला शून्य केलं. या दीड-दोन वर्षांत बाहेरच्या गिऱ्हाईकाने पाकिस्तान, चीन, इजिप्तकडून माल घ्यायची सवय लावून घेतली. ही गिऱ्हाइकं परत कोण आणून देणार?

याला खुला व्यापार म्हणायचं असेल तर साहेबांचं नाव त्याला जोडू नका एवढीच विनंती.

सूत_आणि_माग

मी इचलकरंजीचा, धंदा सुताचा. शेतकऱ्यांबद्दल पूर्ण आदर ठेवून दुसरी बाजू सांगतो. 2021 च्या बजेटमध्ये हे शुल्क लागलं त्यानंतर आपल्याकडचा कापूस बऱ्याचदा जागतिक भावापेक्षा महाग पडला. बांगलादेश आणि व्हिएतनाम स्वस्तात कापूस उचलतात आणि तयार कपड्यात आपल्याला मागे टाकतात. त्यात 27 ऑगस्ट 2025 पासून अमेरिकेने आपल्या मालावर 50 टक्के टॅरिफ लावलं, ऑर्डरी थांबल्या. गिरणी बंद पडली तर कापूस घेणार कोण? 32 मिलीमीटरच्या वरच्या अतिलांब धाग्याचं शुल्क फेब्रुवारी 2024 लाच काढलं होतं, त्यावर कोणी आरडाओरडा केला नाही कारण तो कापूस आपल्याकडे फारसा पिकतच नाही. मला वाटतं असा धाग्याप्रमाणे विचार व्हायला हवा, सरसकट नको.

पांढरं_सोनं_वर्धा

सूतवाले भाऊ, तुमची अडचण खरी आहे, पण ती अडचण सोडवायचा खर्च आमच्याच खिशातून का? अमेरिकेने टॅरिफ लावलं कपड्यावर आणि त्याची भरपाई करायची वर्ध्या-यवतमाळच्या कापूसवाल्याने? जीएसटी कमी करा, व्याजात सवलत द्या, सरकारने स्वतःच्या तिजोरीतून द्या.

आणि साहेबांचा विषय निघालाच आहे तर सांगते. आमच्या सासऱ्यांच्या काळात 1972 पासून एकाधिकार खरेदी होती, कापूस सरकारलाच विकायचा, चुकारे हप्त्याहप्त्याने यायचे, शेजारच्या राज्यात जास्त भाव असला तरी सीमा ओलांडून बैलगाडी नेता येत नव्हती, नेली तर ती तस्करी. स्वतःच्या शेतातला कापूस स्वतः नेला तरी तस्करी! साहेबांनी त्याच्याविरुद्ध विदर्भात रान उठवलं, ते आमच्या घरात सगळ्यांनी अनुभवलंय. खुला व्यापार म्हणजे काय हे आम्ही तिथून शिकलो, पुस्तकातून नाही.

आता 2025-26 च्या हंगामाचं. लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला 8110, मध्यम धाग्याचा 7710 होता. शुल्क निघालं तसे सीसीआयने, म्हणजे हमीभावाने कापूस घेणाऱ्या सरकारी कापूस महामंडळाने, स्वतःच्या गाठींचे विक्रीदर उतरवले, तिकडे पाहून खासगी व्यापारी पण खाली आला. मग राहिलं सीसीआय केंद्र. तिथे आधी ॲपवर नोंदणी, सातबारावर पीकपेरा चढलेला पाहिजे, आणि केंद्रावर गेलं की मीटर लावतात, ओलावा 8 टक्क्यांच्या वर गेला की भाव कापतात आणि 12 च्या वर दाखवला की गाडी परत. वेचणीच्या दिवसांत पाऊस झाला, सकाळी दव असतं, 12 च्या आत कापूस आणायचा कुठून? गाडीभाडं अंगावर पडतं आणि माणूस तिथेच बाहेर उभ्या असलेल्या व्यापाऱ्याला देऊन मोकळा होतो.

ब्राझीलशी आमची स्पर्धा लावतात. त्यांना हेक्टरी अठराशे किलोच्या पुढे रुई (सरकी काढलेला कापूस) निघते, आपल्याकडे साडेचारशेच्या आसपास, आणि आपल्यातला बहुतेक कापूस कोरडवाहू. बोंडअळी बीटी बियाण्याला जुमानत नाही, तणनाशक सहन करणाऱ्या बियाण्याला परवानगी नाही. साहेब बियाण्याच्या स्वातंत्र्यासाठी पण तितकेच भांडले होते, ते कोणालाच आठवत नाही. हात बांधून ठेवायचे आणि कुस्ती खेळ म्हणायचं, हे नाही चालत. आधी बाकीचं मोकळं करा, मग शुल्क काढा, मी स्वतः तुमच्या बाजूने बोलेन.

बिल्लेवाल्याचा_पोरगा

ताई, पटलं. एकच शंका. अमेरिका त्यांच्या कापूसवाल्याला सबसिडी देते, मग तिकडच्या स्वस्त गाठीशी खुली स्पर्धा म्हणण्यात अर्थ काय?

गॅट_वाचलेला

ही शंका साहेबांना पण विचारायचे, बहुतेक सभांमध्ये. त्यांचं उत्तर समजायला उणे सबसिडी समजली पाहिजे. डंकेलमध्ये विकसनशील देशांना शेतमालाच्या किमतीच्या 10 टक्क्यांपर्यंत सबसिडीची मुभा होती आणि लोक ओरडत होते की आता आपली सबसिडी जाणार. साहेब सरकारचेच कागद काढून दाखवायचे की आपला आकडा शून्याच्या खाली आहे. खत, वीज, पाणी यात जे देता ते धरून सुद्धा भाव पाडून त्यापेक्षा जास्त काढून घेता. मग करारामुळे आपलं जाणार काय?

अमेरिकन सबसिडीवर उपाय पण त्याच व्यवस्थेत होता. ब्राझीलने जागतिक व्यापार संघटनेत (डब्ल्यूटीओ) अमेरिकेच्या कापूस सबसिडीवर केस लावली, 2005 ला अपिलात जिंकली, आणि शेवटी 2014 ला अमेरिकेने 30 कोटी डॉलर देऊन मिटवलं. बेनिन, बुर्किना फासो, चाड, माली या गरीब देशांनी 2003 लाच हा विषय तिथे मांडला. एवढं कापसाचं क्षेत्र असून आपण त्या केसमध्ये पुढे नव्हतो, याची मला खरंच चीड येते.

साहेब आज काय म्हणाले असते ते त्यांच्या तोंडी घालायचा अधिकार कोणालाच नाही. पण त्यांचा आग्रह माहिती आहे, सरकारने मधेच नियम बदलू नयेत. विदर्भ-मराठवाड्यात पेरणी जूनमध्ये होते, शेतकरी बियाणं घेतो तेव्हा 11 टक्के शुल्क धरून भावाचा अंदाज बांधतो, पात्या-फुलं लागल्यावर ऑगस्टमध्ये शुल्क शून्य होतं. तोवर त्याला सोयाबीन किंवा तुरीकडे वळता येत नाही. 2025 ला वळला असता तरी तूर बिनशुल्कच येत होती आणि सोयाबीनचं म्हणाल तर कच्च्या खाद्यतेलाचं मूळ शुल्क 20 वरून 10 टक्क्यांवर मे 2025 मध्येच आणलं होतं. त्यामुळे मागणी करायची तर ही करा, शुल्क ठेवा नाहीतर काढा, पण पुढच्या हंगामाचं जे काय असेल ते मे महिन्यात बियाणं विकत घ्यायच्या आत जाहीर करा आणि मार्चपर्यंत हात लावू नका. आणि तोच नियम कांद्याच्या निर्यातीला पण.